शेवटून दुसरा नंबर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं (काळजी नको, छान झालं) आणि डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला मनाई केली होती. आता नवा चष्मा आलाय, तेव्हा मनात राहिलेलं एक लिहून टाकतो. तसं बघायला गेलं तर हे लिहायला चाळीसेक वर्षं उशीरच झालाय. पण असो.

आमच्या तालुक्याच्या गावात गेली काही वर्षं हिवाळ्यात दौड असते. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं जायचं आणि परत फिरायचं. तेव्हापासून आमच्या बाजूच्या लहान गावांनाही पळायचं वारं लागलंय. आमची दौड साधीच. पाच किलोमीटर, एक टी-शर्ट, छातीवर लावायला नंबर आणि शेवटी गरम पोहे. या वर्षी माझा मुलगा आणि अकरा वर्षांचा नातू असे दोघं पळाले. मी बसस्टँडच्या कोपऱ्यावर चहावाल्याकडून खुर्ची मागून घेतली आणि मफलर गुंडाळून बसलो. नातू पुढे, मुलगा पोट सांभाळत मागे. "पप्पा, चला ना लवकर!" असं नातू वळून ओरडला तेव्हा मला फार हसू आलं. हाच माझा मुलगा लहानपणी शाळेला उशीर करायचा आणि मी पुढे जाऊन असाच वळून ओरडायचो.

गर्दी पांगत आली तेव्हा अगदी शेवटी एक गृहस्थ आले. व्हीलचेअर ढकलत पळत होते. खुर्चीत दहा-बारा वर्षांची मुलगी, तिच्या अंगात तोच टी-शर्ट, तिच्याही छातीवर नंबर. ती हात वर करून बापाला म्हणत होती, "जोरात, अजून जोरात!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहावाल्यानं किटली खाली ठेवून वाजवल्या.

मला काही टाळ्या वाजवता आल्या नाहीत. मला एकदम केळ्यांचा हातगाडा आठवला. त्याबद्दल पुढे सांगतो.

घरी आल्यावर मुलाला म्हटलं, आज एक वेगळंच बघितलं. तर तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला डिक आणि रिक हॉइट माहीत नाहीत? इतिहास शिकवायचात ना तुम्ही?" आता इतिहासाच्या मास्तरला असं कुणी म्हटलं की संपलंच. पुढचे पंधरा दिवस मी तेच वाचत होतो (डॉक्टरांना सांगू नका). जे कळलं ते तुम्हालाही सांगतो.

१९७७ सालची गोष्ट. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्टफील्ड नावाचं गाव आहे. तिथं एक स्थानिक दौड भरली होती. अंतर पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. लॅक्रोस हा त्यांच्याकडचा जाळीदार काठीनं खेळायचा खेळ. तो खेळणाऱ्या एका तरुणाला अपघातानंतर लुळेपण आलं होतं आणि त्याच्या मदतीसाठी ही दौड होती. आपल्याकडे गावात कुणाच्या उपचारासाठी कुस्त्यांचं मैदान भरवतात किंवा नाटकाचा प्रयोग लावतात, तसंच म्हणा. या दौडीत एक बाप आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला साध्या चाकाच्या खुर्चीत बसवून, ती खुर्ची ढकलत पळाला. पळण्यासाठी बनवलेली खास खुर्ची वगैरे काही नव्हतं. बापाचं वय छत्तीस, आणि लांब पल्ल्याचं पळणं त्याला ठाऊकही नव्हतं. दोघं पुरे पाच मैल गेले आणि शेवटून दुसरे आले.

त्या रात्री मुलानं बापाला काय सांगितलं ते आता जगभर माहीत आहे. पळत असताना मला मी अपंग आहे असं वाटत नाही, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. बापाचं अंग पुढे दोन आठवडे दुखत होतं. त्यानं नंतर गमतीनं सांगितलं की शर्यतीनंतर अपंग झालो तो मीच!

बापाचं नाव डिक हॉइट, मुलाचं रिक. बाप हवाई दलाच्या नॅशनल गार्डमध्ये नोकरीला. रिकचा जन्म १० जानेवारी १९६२ चा. जन्मताना नाळ गळ्याभोवती गुंडाळली गेली, मेंदूला प्राणवायू पोचला नाही आणि मुलाला सेरेब्रल पाल्सी झाली. हातपाय ताब्यात नाहीत, बोलता येत नाही. डॉक्टरांनी सल्ला दिला की याला संस्थेत ठेवा, यातून काही व्हायचं नाही. आईबापांनी ऐकलं नाही. त्यांनी एक पाहिलं होतं. ते खोलीत इकडून तिकडे गेले की पोराची नजर त्यांच्यामागे फिरत होती.

त्याची आई ज्युडी, हिला मी मनातून नमस्कार केला. कारण ती खरी शिक्षिका. वाळूच्या कागदाची, म्हणजे सँडपेपरची अक्षरं कापून तिनं मुलाला मुळाक्षरं शिकवली आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. आपण बालवाडीत खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवायला लावतो, तेच.

पण मुलाच्या आत किती पोचलंय हे कळणार कसं? तो बोलत नव्हता. १९७२ साली टफ्ट्स विद्यापीठातल्या अभियंत्यांनी त्याच्यासाठी एक यंत्र तयार केलं. खर्च पाच हजार डॉलर. पडद्यावर अक्षरं ओळीनं उजळत जायची. हवं ते अक्षर उजळलं की रिकनं खुर्चीला बसवलेल्या पट्टीवर डोकं टेकवायचं, की ते अक्षर उमटायचं. अशा रीतीनं अक्षरामागून अक्षर. यंत्र घरी आलं तेव्हा रिक दहा वर्षांचा होता. पोरगं पहिल्यांदा काय म्हणणार, "आई" की "बाबा", यावर घरात पैजा लागल्या.

पोरानं लिहिलं, "गो ब्रूइन्स!"

ब्रूइन्स म्हणजे बॉस्टनचा आइस हॉकीचा संघ. त्या वर्षी तो अंतिम फेरीत होता. म्हणजे हा मुलगा इतकी वर्षं घरातल्या सगळ्यांबरोबर सामने बघत होता, संघ कुठवर आलाय याचा हिशोब ठेवत होता, आणि कुणाला पत्ता नव्हता. का नव्हता? तर त्याला विचारायची सोयच नव्हती.

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि जरा वेळ अंगणात जाऊन बसलो.

आता हातगाड्याची गोष्ट.

१९८१-८२ चं शैक्षणिक वर्ष. मी तेव्हा एका गावातल्या माध्यमिक शाळेत होतो. वय तिशीचं, इतिहास आणि मराठी शिकवायचो. लहान शाळा, त्यामुळे क्रीडास्पर्धांच्या दिवशी सगळ्यांना सगळी कामं. हेडसरांनी माझ्या गळ्यात शिट्टी आणि शाळेचं एकमेव स्टॉपवॉच घातलं होतं आणि मी फार ऐटीत होतो. फक्कीनं रेघा मारलेल्या, माइकवर कुणीतरी "हॅलो हॅलो" करतंय, पोरं अनवाणी पळणार म्हणून चपलांचा ढीग बाभळीखाली पडलेला.

आठवीत एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. लहानपणी पोलिओ होऊन दोन्ही पाय गेलेले. हुशार, गणित फार चांगलं. वडील केळ्यांचा हातगाडा लावायचे बाजारात. रोज सकाळी पोराला त्याच गाड्यावर, पोतं अंथरून, बसवून शाळेत सोडायचे. मग बाजारात जायचे. संध्याकाळी केळी विकून झाली की परत न्यायला यायचे. पाऊस असो, ऊन असो. मी कधी त्यात विशेष काही पाहिलं नाही. येतात, सोडतात, जातात.

त्या दिवशी ते पोराला सोडून गेले नाहीत. शंभर मीटरची नावं पुकारली जात होती तेव्हा गाडा घेऊन रेघेपाशी आले आणि म्हणाले, "गुरुजी, ह्याला पण घ्या की शर्यतीत. मी ढकलतो गाडा. शेवटी येऊ, पण येऊ."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अहो, असं नियमात बसत नाही. उद्या सगळेच गाडे घेऊन येतील." पोरं हसली. पाहुणे हसले. तेही हसले बिचारे, आणि गाडा मागे घेतला. मग मला वाटलं, मुलाला वाईट वाटायला नको, म्हणून मी त्याला बाभळीखाली नेऊन बसवलं आणि म्हटलं, "तू सगळ्यांच्या चपला सांभाळ. जबाबदारीचं काम आहे." बक्षीस समारंभात त्याला उत्तेजनार्थ म्हणून एक कंपासपेटीही दिली. रात्री घरी जेवताना मी हे बायकोला सांगितलं होतं, अभिमानानं सांगितलं होतं, की बघ, मी त्या पोराला कसं सामावून घेतलं.

आणि गंमत बघा. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, आम्ही तीन पायांची शर्यत घेतली होती. दोन पोरांचे दोन पाय रुमालानं एकत्र बांधायचे आणि दोघांनी मिळून एक म्हणून पळायचं. पोत्यात पाय घालून उड्या मारायची शर्यतही होती. म्हणजे दोघांनी एक होऊन पळायला आमची हरकत नव्हती. धडधाकट पोरांनी गमतीसाठी पाय बांधून घेतलेले चालत होते. ज्याचे पाय खरोखरच बांधलेले होते त्याच्यासाठी मात्र मला नियम आठवला. आणि तो नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता. मी उभ्याउभ्या तयार केला होता.

आता परत अमेरिकेत चला. कारण ऐंशीच्या दशकाच्या त्याच सुरुवातीच्या वर्षांत तिकडेही एक बाप-लेक रेघेपाशी उभे होते आणि त्यांनाही कुणीतरी नियम सांगत होतं.

वेस्टफील्डनंतर हॉइट बाप-लेक गावोगावच्या दौडींत उतरायला लागले होते. मग त्यांनी बॉस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज केला. बॉस्टनची शर्यत १८९७ पासून चालू आहे, ४२.१९५ किलोमीटरची. तिथं या दोघांना अधिकृत प्रवेश मिळाला नाही. अडचण रकान्याची होती. पळणारा एकटा पळतो. चाकाच्या खुर्चीवाला आपल्या हातांनी आपली चाकं फिरवतो. हे दोघं ना या रकान्यात ना त्या. तरी ते अधिकृत नंबर नसताना मागून पळाले. पुढे प्रवेश द्यायची वेळ आली तेव्हा अट पडली की वेळेचा निकष मुलाच्या वयोगटाचा लावणार. रिक विशीत, म्हणजे मॅरेथॉन दोन तास पन्नास मिनिटांच्या आत. बाप चाळिशी ओलांडलेला, वर खुर्ची ढकलायची! डिक हॉइटनी वॉशिंग्टनच्या मरीन कोअर मॅरेथॉनमध्ये मुलाला घेऊन दोन तास पंचेचाळीस मिनिटांत अंतर तोडलं. मग बॉस्टनचं दार उघडलं.

मी बॉस्टनवाल्यांना नावं ठेवायला बसलो नाही. मी कोण नावं ठेवणार? उलट त्यांचा इतिहास वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. नियम पक्का आहे असं प्रत्येक वेळी वाटतं आणि प्रत्येक वेळी कुणीतरी रेघेपाशी येऊन उभं राहिलं की तो हलतो. १९६७ साली कॅथरीन स्विट्झर नावाची तरुणी नंबर लावून पळाली तेव्हा शर्यतीच्या एका अधिकाऱ्यानं धावत जाऊन तिचा नंबर ओढून काढायचा प्रयत्न केला, कारण ही शर्यत बायकांची नाही. १९७२ पासून बायकांना अधिकृत प्रवेश मिळाला. १९७५ साली बॉब हॉल हा तरुण चाकाच्या खुर्चीतून उतरायचं म्हणाला. शर्यतीच्या संचालकांनी त्याला सांगितलं, तीन तासांच्या आत आलास तर प्रमाणपत्र देऊ. तो दोन तास अठ्ठावन्न मिनिटांत आला.

या बॉब हॉलला लहानपणी पोलिओ झाला होता. मी माझ्या विद्यार्थ्याला बाभळीखाली बसवलं त्याच्या सहा-सात वर्षं आधीची ही गोष्ट.

कुणी म्हणेल, अमेरिकेचं सोडा हो, आपल्याकडे तेव्हा काय होतं? तर होतं. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, पेठ-इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. मी १९८१ साली ऑलिंपिकच्या नावानं मुलांपुढे भाषण ठोकलं होतं, खाशाबा जाधवांचं १९५२ चं पदक सांगितलं होतं. पेटकरांचं नाव मला माहीतच नव्हतं. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या मज निवृत्त मास्तरला ते नाव तेव्हा कळलं. केंद्र सरकारनं अपंग मुलांना सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याची योजना १९७४ सालीच आणली होती. माझ्या शाळेत ती कधी चर्चेला आल्याचं आठवत नाही. कायदा आला तो १९९५ साली, आणि पुढे त्याहून व्यापक २०१६ साली.

तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२ साली असा कायदा झाला, त्यासाठी ज्युडी हॉइटसारख्या आयांनी पाठपुरावा केला, आणि रिक १९७५ साली, तेराव्या वर्षी, सार्वजनिक शाळेत दाखल झाला. १९९३ मध्ये तो बॉस्टन विद्यापीठातून पदवीधर झाला. विषय कोणता, तर विशेष शिक्षण!

हॉइट बाप-लेक पुढे अकराशेहून जास्त शर्यतींत पळाले. आयर्नमॅन म्हणतात ती शर्यतसुद्धा केली. त्यात आधी ३.८ किलोमीटर पोहायचं, मग १८० किलोमीटर सायकल, मग पुरी मॅरेथॉन. डिक दोरीनं छोटी नाव ओढत पोहायचे, नावेत रिक. मग सायकलच्या पुढच्या बैठकीवर रिक. १९९२ साली दोघांनी पळत आणि सायकलवरून अख्खी अमेरिका ४५ दिवसांत ओलांडली. २०१३ च्या एप्रिलमध्ये बॉस्टनच्या शर्यतीच्या आरंभरेषेजवळ, हॉपकिंटन गावी, दोघांचा पुतळा बसला. ज्यांना एकेकाळी नंबर मिळाला नव्हता त्यांचा पुतळा! त्याच महिन्यात शर्यतीच्या शेवटाला बाँबस्फोट झाले आणि दोघांना अंतिम रेषेच्या अलीकडेच थांबावं लागलं. २०१४ मध्ये, डिक यांच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ते परत आले आणि बॉस्टनची शर्यत पुरी करूनच तिथून निवृत्त झाले. डिक १७ मार्च २०२१ ला गेले. रिक २२ मे २०२३ ला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. डॉक्टरांनी ज्याच्याबद्दल आशा सोडली होती तो एकसष्ट वर्षं जगला.

आणखी एक सांगायचं राहिलं. २००३ साली डिक यांना हृदयविकाराचा हलका झटका आला. तपासात एक रक्तवाहिनी ९५ टक्के बंद निघाली. डॉक्टर म्हणाले, पळून पळून तब्येत इतकी चांगली राहिली नसती तर तुम्ही पंधरा वर्षांपूर्वीच गेला असतात. आता कुणी कुणाला ढकलत नेलं म्हणायचं?

हे सगळं वाचून झाल्यावर मला राहवेना. जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून त्या मुलाचा नंबर मिळवला. मुलगा कसला, आता छप्पन-सत्तावन्नचा गृहस्थ. तहसील कचेरीबाहेर झेरॉक्सचं दुकान आहे, दोन्ही मुलं शिकली. दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी लावला.

"सर! तब्येत कशी आहे?" आवाज ओळखला त्यानं.

मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग एकदाचं सांगून टाकलं. म्हटलं, त्या दिवशी तुझ्या वडिलांना मी नाही म्हणालो, फार चुकलं माझं. तुला शर्यतीत घ्यायला हवं होतं.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो हसायला लागला.

"सर, मला कुठं पळायचं होतं? रोज त्या गाड्यावर बसून माझी पाठ मोडायची. आणखी पळत कशाला? पळायचं बाबांना होतं. लग्नाआधी जत्रेतल्या शर्यतीत पळायचे ते, नंबर यायचा त्यांचा."

"आणि तुला रे? तुला काय हवं होतं?"

"मला तुमच्या गळ्यातलं घड्याळ पाहिजे होतं. सेकंदाचं. दिवसभर त्याच्याकडे बघत होतो. तुम्ही वेळ सांगायच्या आधी मी मनात मोजून सांगायचो, चपला घ्यायला येणाऱ्या पोरांना. बहुतेक बरोबर यायचं."

मला काय बोलावं सुचेना. त्याचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली आहेत.

गेले काही दिवस मी यावर विचार करतोय. मला वाटत होतं की माझी चूक "नाही" म्हणण्यात होती. पण समजा मी "हो" म्हटलं असतं, गाडा पळाला असता, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, तरी त्या मुलाच्या मनातलं मला कळलं नसतंच. वडिलांची हौस भागली असती, तेही मोठंच झालं असतं. पोराला मात्र चपलांऐवजी गाडा मिळाला असता. घड्याळ माझ्याच गळ्यात राहिलं असतं. त्या दिवशी दोघंही माझ्यासमोर होते, आणि दोघांपैकी एकालाही मी साधं विचारलं नाही. बापाला, "तुम्हाला पळावंसं का वाटतं?" आणि पोराला, "तुला काय करायचंय?"

वेस्टफील्डच्या त्या दौडीकडे मी आता याच नजरेनं बघतो. लोक बापाच्या पायांचं कौतुक करतात, करायलाच हवं. पण त्या दौडीत उतरायची इच्छा मुलाची होती. त्यानं ती यंत्रावर अक्षरं निवडून बापाला सांगितली होती. एका लुळ्या पडलेल्या खेळाडूसाठी मला काहीतरी करायचंय, असं एक मुलगा म्हणाला आणि बाप "बरं" म्हणाला. आधी प्रश्न विचारता येईल अशी सोय झाली, मग उत्तर ऐकलं गेलं, आणि त्यानंतर आठ किलोमीटर. त्याच रिकला पुढे लोकांनी विचारलं, की वडिलांना काही देता आलं तर काय देशील? तर तो म्हणाला, एकदा बाबांना खुर्चीत बसवून मी ढकलावं, एवढी इच्छा आहे. बघा, त्याच्याही मनात बापाबद्दल काय होतं ते विचारल्यावरच कळलं.

पोलिओ आता आपल्या देशातून गेला. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा, आणि २०१४ मध्ये तसं प्रमाणपत्रही मिळालं. निवृत्तीपूर्वी आम्ही मास्तरांनी रविवारी बूथवर बसून डोस पाजलेत, बोटाला शाई लावलीय. त्यामुळे थोडं पुण्य पदरी असेल तर असो. पण रेघेपाशी येऊन उभी राहणारी मुलं संपलेली नाहीत, आणि शिट्टी गळ्यात घातलेले मास्तरही संपलेले नाहीत. माझ्या भाच्या, पुतण्या, सुना यांतल्या चौघी शाळेत आहेत. त्या हे वाचतीलच. त्यांच्यासाठीच मुख्यतः लिहिलं.

परवा दौडीच्या आयोजकांकडे गेलो होतो. सगळी तरुण पोरं, दोघं माझेच विद्यार्थी. म्हटलं, पुढच्या वर्षी वेळ नोंदवायच्या टेबलाशी एक माणूस सुचवू का? ते लगेच हो म्हणाले. मी म्हटलं, थांबा, आधी त्याला विचारतो.

फोन केला. तो म्हणाला, "बघतो सर. रविवार आहे ना? दुकानाचं बघावं लागेल. आणि थंडी फार असते हो सकाळची."

येईल की नाही, माहीत नाही. न का येईना, ते त्याचं त्यानं ठरवायचं. विचारलं मात्र.